डोंगल लावलेले असूनही ‘की नॉट फाउंड’: विकत घेतलेले सॉफ्टवेअर वारंवार अडते तेव्हा काय तपासावे

फ्लेक्स छपाईचे रिप सॉफ्टवेअर (डिझाइन छपाईयंत्राला समजेल अशा रूपात आणणारे), भरतकाम यंत्राचे डिझाइनचे सॉफ्टवेअर, डीटीपीसाठी घेतलेले मराठी फॉन्टचे जुने पॅकेज किंवा स्थापत्य अभियंत्याच्या कार्यालयातील आराखड्यांचे सॉफ्टवेअर, या सर्वांच्या मालकांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. सॉफ्टवेअर पावतीसह रीतसर घेतलेले असते, त्यासोबत आलेले यूएसबी डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी परवान्याची किल्ली, संगणकाला लावलेले असते, काल संध्याकाळपर्यंत काम सुरळीत चाललेले असते आणि आज सकाळी पडद्यावर ‘सेंटिनेल की नॉट फाउंड, एच०००७’ (सेंटिनेल हे अशा डोंगलच्या एका प्रकाराचे नाव) किंवा त्याच अर्थाचा दुसरा एखादा संदेश येतो. विक्रेत्याचा माणूस येऊन काहीतरी करून जातो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच संदेश हजर होतो. तो प्रत्येक वेळी नेमका कामाच्या घाईतच येतो असे वाटते. पण लग्नसराईत किंवा गणपतीच्या तोंडावर यंत्र दिवसरात्र चालू असते आणि बंद पडल्याचे तेव्हाच जाणवते, एवढेच त्यात तथ्य आहे.

या त्रासाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. सॉफ्टवेअरच्या संरक्षणाला ग्राहक ओळखता येत नाही, त्याला फक्त ठरलेल्या खुणा ओळखता येतात. लावलेले डोंगल, संगणकाचे घड्याळ, हार्ड डिस्कचा व नेटवर्क कार्डाचा क्रमांक आणि कंपनीच्या सर्व्हरकडून आलेला होकार, यांपैकी जी खूण त्या सॉफ्टवेअरने निवडलेली असेल ती जागेवरून हलली की पैसे भरलेला मालकही त्याला परका ठरतो. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याला मात्र हा संदेश सहसा दिसतच नाही, कारण त्याच्या प्रतीतून ही तपासणीच काढून टाकलेली असते. म्हणून दुरुस्ती करताना सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालण्याची घाई करू नये. आधी कोणती खूण हलली ते शोधावे. पुन्हा घातलेले सॉफ्टवेअर त्याच हललेल्या खुणेपाशी पुन्हा अडते, आणि ज्या परवान्यांत सक्रियतेची (ॲक्टिव्हेशनची) संख्या मोजलेली असते त्यांत त्या खटपटीत एक सक्रियता फुकट खर्ची पडते, ते वेगळेच.

पहिली नजर डोंगलवरील दिव्याकडे टाकावी. दिवा लागत नसेल तर डोंगलला वीज मिळत नाही किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, चढलेला नाही, असे धरून चालावे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट आत बारीक वायरने जोडलेले असतात आणि वारंवारच्या वापराने सैल होतात. डोंगल नेहमी मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये असावे. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या यूएसबी हबवर ते कधीही लावू नये. जुने डोंगल निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये कुरकुर करत असेल तर काळ्या रंगाच्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावून पाहावे. छापखान्यात हवेत शाई आणि सॉल्व्हेंटचा अंश असतो आणि कोकणात दमट हवा असते, त्यामुळे टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर पापुद्रा धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच डोंगल लावावे.

खंडेनवमीची स्वच्छता हे या तक्रारीचे एक ठरलेले निमित्त आहे. यंत्रे पुसताना सगळ्या वायरी सुटतात, पूजा होते, हळदी-कुंकू लागते, आणि दसऱ्यानंतर वायरी परत जोडताना डोंगल शेजारच्या पोर्टमध्ये जाते. विंडोज अशा वेळी बऱ्याचदा त्याला नवे उपकरण समजून ड्रायव्हर पुन्हा जोडू पाहते, आणि संगणकावर काम करणाऱ्या मुलाच्या खात्याला प्रशासकाचा अधिकार नसेल तर ते काम अर्धवट राहते. ज्या पोर्टमध्ये डोंगल चालत होते तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दिवा लागतो, पण काही वेळाने काम चालू असतानाच संदेश येतो, अशी तक्रार असेल तर संशय वीजबचतीच्या सेटिंगवर घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढावी. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. लॅपटॉपवर ही दोन्ही सेटिंगे मोठ्या विंडोज अपडेटनंतर पूर्ववत झालेली आढळतात, म्हणून ‘अपडेट झाले आणि बिघडले’ असे कोणी सांगितले की प्रथम इथेच पाहावे.

यानंतर ड्रायव्हर. अनेकांना तो सापडतच नाही, कारण डोंगलवरचे नाव आणि आजच्या कंपनीचे नाव यांचा मेळ बसत नाही. हास्प हे डोंगल मूळचे इस्रायलच्या अलादीन कंपनीचे. ती पुढे सेफनेटमध्ये मिसळली, सेफनेट जेमाल्टोने घेतली आणि २०१९ मध्ये जेमाल्टो फ्रान्सच्या थेल्सकडे गेली. त्यामुळे जुन्या सीडीवर अलादीन लिहिलेले असले तरी आजचा ड्रायव्हर सेंटिनेल या नावाने थेल्सच्या संकेतस्थळावर शोधावा लागतो. मूळ सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चढवण्याचा हट्ट धरू नये. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली ‘कोअर आयसोलेशन’ आणि त्यात ‘मेमरी इंटेग्रिटी’ असते. ते चालू असताना हास्पचे आणि हार्डलॉक या तशाच डोंगलचे जुने ड्रायव्हर अडवले जातात. काही तंत्रज्ञ ते संरक्षणच बंद करून मोकळे होतात. ते संरक्षण बंद करून घेण्यापेक्षा नवा ड्रायव्हर घालून घ्यावा, कारण एका डोंगलसाठी हिशेबाचा आणि बँकेचा व्यवहार होणारा संगणक उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही. ड्रायव्हर घालताना डोंगल आधी काढावे, जुना ड्रायव्हर पूर्ण काढून संगणक पुन्हा सुरू करावा, मग नवा घालावा आणि सर्वांत शेवटी डोंगल लावावे. ‘डोंगल लावून ठेवले तर लवकर ओळखेल’ ही समजूत चुकीची आहे.

सेंटिनेल डोंगलच्या बाबतीत एक फार उपयोगी पान आपल्याच संगणकात असते आणि बहुतेक मालकांना ते कोणी दाखवलेले नसते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट, कोलन आणि १९४७ असे लिहिले की ‘ॲडमिन कंट्रोल सेंटर’ उघडते. आपल्याकडे हा आकडा विसरण्याची भीती नाही. तिथे ‘सेंटिनेल कीज’ या पानावर संगणकाला दिसणारे प्रत्येक डोंगल क्रमांकासह दिसते, आणि त्यासमोरचे ‘ब्लिंक’ बटण दाबले की त्याच डोंगलचा दिवा लुकलुकतो. एकाच कॅबिनेटला तीन सॉफ्टवेअरची तीन डोंगले लावलेल्या दुकानात कोणते कशाचे हे ओळखण्याचा याहून चांगला मार्ग नाही. हे पान उघडलेच नाही तर दोष डोंगलचा नसून त्यामागच्या सेवेचा आहे: विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘सेंटिनेल एलडीके लायसन्स मॅनेजर’ चालू आहे का ते पाहावे, आणि त्याची सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. पान उघडते, डोंगल दिसते, तरी सॉफ्टवेअर नाकारते, असे असेल तर डोंगल ठीक आहे आणि बहुधा त्यातील परवान्याची मुदत किंवा आवृत्ती जुळत नाही. तेव्हा ड्रायव्हरमागे आणखी वेळ घालवू नये, विक्रेत्याला फोन करावा. जर्मनीच्या विबू-सिस्टम्सचे कोडमीटर डोंगल असेल तर हीच तपासणी ‘कोडमीटर कंट्रोल सेंटर’ या छोट्या प्रोग्राममधून होते.

डोंगल एका संगणकाला आणि सॉफ्टवेअर कार्यालयातील चार संगणकांवर, अशी नेटवर्क परवान्याची मांडणी असेल तर अडथळा बहुधा फायरवॉलचा असतो. सेंटिनेलसाठी १९४७ आणि कोडमीटरसाठी २२३५० हा नेटवर्कचा पोर्ट (यूएसबीचा नव्हे, संगणकाच्या नेटवर्कवरील दाराचा क्रमांक) डोंगल असलेल्या संगणकावर खुला असावा लागतो. सेंटिनेलच्या बाबतीत टीसीपी आणि यूडीपी या वाहतुकीच्या दोन्ही प्रकारांसाठी. राउटर बदलला की डोंगलवाल्या संगणकाचा आयपी पत्ताही बदलतो, म्हणून तो स्थिर करून घ्यावा आणि इतर संगणकांवर त्याच ॲडमिन कंट्रोल सेंटरमध्ये तो पत्ता हाताने लिहून ठेवावा. शोध नेटवर्कवर सोडला की कधी सापडते, कधी सापडत नाही, आणि ‘वारंवार’ या शब्दाचे अर्धे मूळ त्यातच असते.

याच ठिकाणी दूरस्थ कामाचा एक पेच सांगितला पाहिजे. घरून काम करण्यासाठी कोणी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने कार्यालयातील संगणकात शिरले, तर डोंगल जागेवर असूनही एकट्या संगणकासाठी दिलेले परवाने ‘टर्मिनल सर्व्हिसेस’ आढळल्याचे कारण देऊन नकार देतात. एका परवान्यावर अनेकांनी दूरून काम करू नये यासाठी ती मुद्दाम घातलेली अट आहे, तो बिघाड नाही. समोरचा पडदा जसाच्या तसा दाखवणारी साधने सहसा या अटीत अडकत नाहीत. पण करारात दूरस्थ वापर मना असेल तर ते साधन चालले म्हणून वापर रीतसर ठरत नाही.

आता घड्याळाकडे वळावे. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच कारणाकडे होते. मदरबोर्डवर सीआर २०३२ हा गोल सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि भारनियमनाच्या गावात हे रोजचे होते. परवाना पाहतो की कालच्यापेक्षा आजची तारीख मागची आहे. मुदत चुकवण्यासाठी घड्याळ मागे नेणे ही जुनी युक्ती असल्यामुळे तो मालकालाच लबाड ठरवून कुलूप लावतो. सेल चहा-नाश्त्याच्या खर्चात येतो, तो दर दोन-तीन वर्षांनी न विचारता बदलावा. याहून वाईट प्रकार उलट दिशेचा आहे. कोणीतरी तारीख दुरुस्त करताना चुकून वर्ष पुढचे टाकले आणि त्या स्थितीत सॉफ्टवेअर एकदा जरी उघडले, तर पुढची ती तारीख परवान्याच्या नोंदीत जाते. मग योग्य तारीख लावली की तीच ‘मागे नेलेली’ ठरते. यावर ग्राहकाच्या हाती उपाय नाही; विक्रेत्याकडून नोंद पुसून घ्यावी लागते. म्हणून संगणक सुरू झाल्यावर तारीख चुकीची दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत कुलूपवाले कोणतेही सॉफ्टवेअर उघडू नये, आणि विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू ठेवावी.

डोंगल नसलेल्या, संगणकाच्या ओळखीवर बांधलेल्या परवान्यांचे दुखणे निराळे असते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हा अलीकडे घरोघरी होणारा बदल आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर फॉरमॅटच्या वेळी मिळालेला विभागाचा क्रमांक प्रतीबरोबर येतो, परंतु कारखान्यातून आलेला डिस्कचा स्वतःचा क्रमांक येत नाही. त्यामुळे एक सॉफ्टवेअर चालते आणि दुसरे अडते असे कोड्यात टाकणारे चित्र दिसते. नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावर (कार्डाच्या ओळख-क्रमांकावर) बांधलेला परवाना असेल तर यूएसबी लॅन ॲडॅप्टर काढला, मोबाइलवरून यूएसबीने इंटरनेट घेतले किंवा व्हीपीएनने स्वतःचे आभासी कार्ड घातले, एवढ्यानेही ओळख बदलू शकते. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ ही सोय असते, ती अशा संगणकावर बंद असावी. ज्या परवान्याला ‘सरेंडर’ किंवा ‘डीॲक्टिव्हेट’ची सोय आहे, तो कोणतीही डिस्क बदलण्यापूर्वी, विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी आणि संगणक विकण्यापूर्वी परत करून मगच पुढचे काम करावे. संगणक दुरुस्तीला नेणारा मुलगा ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला की त्याला प्रथम थांबवावे. सी ड्राइव्हमधील लपवलेल्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरात अनेक परवान्यांच्या फाइली असतात, आणि जागा मोकळी करणारी सफाईची साधने व काही अँटिव्हायरस त्यांच्यावरच हात टाकतात. तेथील संबंधित फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादांच्या यादीत घालावे.

इतके करूनही अडचण राहिली तर विक्रेत्याकडे तक्रार करताना ‘चालत नाही’ एवढेच कळवू नये. संदेशाचा पूर्ण पडदा, डोंगलचा क्रमांक, ड्रायव्हरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि गेल्या काही दिवसांत काय बदलले याची एक ओळ, एवढे एकत्र पाठवले की ‘रीस्टार्ट करून पाहा’ या उत्तराची एक फेरी वाचते. सेंटिनेलवाले बहुधा सीटूव्ही फाइल, म्हणजे ग्राहकाकडून विक्रेत्याकडे जाणारी डोंगलच्या स्थितीची फाइल, मागतात. ती विक्रेत्याने दिलेल्या छोट्या प्रोग्राममधून डोंगल लावलेले असतानाच काढायची असते. उत्तरादाखल येणारी व्हीटूसी फाइल फक्त त्याच डोंगलला लागू पडते आणि क्रमानेच लावावी लागते. मेलमध्ये आलेल्या दोन फाइलींपैकी नंतरची आधी लावली की नवा गोंधळ सुरू होतो.

इथपर्यंत आलेला माणूस थकलेला असतो आणि शेजारचा दुकानदार त्याला क्रॅक सुचवतो. ‘पैसे तर मी भरले आहेत, मग बिघडले कुठे’ हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ मध्ये संरक्षण तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र हक्कभंगाचा हेतू हा त्या गुन्ह्याचा भाग आहे, आणि कलम ५२ अधिकृत प्रत असलेल्याला हानीपासून बचावासाठी तात्पुरती राखीव प्रत काढण्याची मुभा देते. तरीही मी क्रॅकचा सल्ला देत नाही, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा व्यवहारातले आहे. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजेनच्या (खोट्या परवाना-किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलींतूनच पसरले. परवान्याचे कुलूप उघडायला जाऊन दहा वर्षांच्या डिझाइनांना कुलूप लावून घेण्यात काय हशील आहे?

त्याऐवजी तक्रारीचा रीतसर मार्ग अधिक वापरला गेला पाहिजे. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही, असे विक्रेते सर्रास सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळलेली आहे हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. स्वतः संगणकावर बसून पत्रिका आणि फ्लेक्स करणारा दुकानदार त्यात बसण्यासारखा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती, संदेशांचे फोटो आणि तारखांची नोंद जवळ ठेवूनच फोन करावा.

नवे सॉफ्टवेअर घेताना किंवा वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. डोंगल मोडले तर किती पैशांत आणि किती दिवसांत बदलून मिळेल? हरवले तर पूर्ण किंमत पुन्हा भरावी लागेल का? अनेक करारांत हरवलेले डोंगल म्हणजे हरवलेला परवाना असेच धरलेले असते, म्हणून दुकानाच्या विम्यात त्याची किंमत सॉफ्टवेअरच्या किमतीइतकी लिहावी, प्लास्टिकच्या तुकड्याइतकी नव्हे. बदली येईपर्यंत तात्पुरता परवाना मिळेल का, आणि सक्रियता सर्व्हरवर अवलंबून असेल तर तो बंद झाल्यावर काय, हेही विचारावे. ही शेवटची शंका काल्पनिक नाही. ॲडोबीने डिसेंबर २०१२ मध्ये सीएस२ या फोटोशॉप वगैरेंच्या संचाची सक्रियता सेवा बंद केली आणि जुन्या ग्राहकांसाठी सक्रियतेची गरज नसलेली प्रत उपलब्ध केली. पुढे मात्र सीएस३ आणि सीएस४ च्या मूळ डिस्क हातात असूनही त्या नव्याने बसवता येत नाहीत, अशी स्थिती आली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून सेफडिस्क या संरक्षणाचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने वगळला, आणि त्याच सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. परिणामी दुकानातून रोख पैसे देऊन घेतलेल्या कित्येक गेमच्या अस्सल सीडी चालेनाशा झाल्या.

विक्रेताच उरलेला नसेल, आणि मराठी फॉन्टच्या जुन्या पॅकेजांच्या बाबतीत असे प्रसंग येतात, तर जुना संगणक आहे त्या अवस्थेत जपावा. तो इंटरनेटपासून तोडावा, त्याच्या पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि सेल बदलून ठेवावा. डोंगल प्रिंटरच्या समांतर पोर्टचे असेल तर बाजारातली यूएसबी ते पॅरलल केबल घेऊ नये. ती केवळ प्रिंटरसाठी असते आणि डोंगल तिच्यावर सहसा ओळखले जात नाही, त्यासाठी मदरबोर्डवर बसणारे पोर्टाचे कार्डच लागते. आणि जोवर ते डोंगल ओळखले जात आहे तोवर जुना मजकूर युनिकोडमध्ये आणि मांडलेली पाने पीडीएफमध्ये काढून घेण्याचे काम रोज थोडे थोडे चालू ठेवावे, आरंभ ज्यांच्या पुन्हा मागण्या येतात त्या फाइलींपासून करावा.